डोळ्याचा थांबा

"एकच?"

"हो. एकच."

"आन् दुसरा?"

"दुसरा नाई. अंगणात एकच पाहिजे."

पलीकडच्या अंगणातलं हे भांडण मी ऐकलं त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. ऐकलं म्हणजे काही कान लावून नाही ऐकलं. आमच्या आणि ईश्वरदासच्या अंगणाच्या मधात बांबूची ताटी आहे. तिच्या बुडाशी बसून मी सकाळी गवऱ्या थापत होते. आणि जमुनाबाईचा आवाज असा, की ताटीच्या जागी दगडी भिंत असती तरी आला असता. तरी खोटं कशाला बोलू, शेण संपलं होतं आणि मी रिकाम्या हातानं थापत बसले होते.

ताटीच्या फटीतून पाहिलं तर अंगणाच्या मधात एक सारस उभा. सिमेंटचा. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी. आमच्याकडं बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, नाहीतर धानाच्या बांधीत फिरताना दिसतो. लांब पाय, लांब मान, डोकं लाल. ईश्वरदासनं केलेला सारस असा हुबेहूब होता की आमचा कोंबडा त्याला पाहून आदल्या दिवसापासून माळ्यावरून उतरला नव्हता.

"सारस एकटा पाहिला का तुमी कधी?" जमुनाबाई विचारत होती. "बोडीत पाहिला? बांधीत पाहिला? जोडीनं फिरते तो. एकटा दिसला म्हणजे दुसरा मेला, हे लहान पोट्ट्याले बी माहीत हाय. आता तुमी आपल्या दारात एकटा उभा केला. मंग सांगा मले, ह्याच्यात मेला कोन? तुमी का मी?"

ईश्वरदास थापीवरचं सिमेंट खरडत म्हणाला, "जमुना, सिमेंटचा हाय तो."

"सिमेंटचा हाय म्हनून त्याले बायको नको?"

मी तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात जमुनाबाईनं दुसरा बाण सोडला. "लोकायच्या घरी जाता, त्यायच्या बायकांले विचारता, बाई, तुमची खिडकी कोनती, तुमाले काय दिसते. माह्या सयपाकघराले खिडकी हाय का? विचारलं कधी?"

ईश्वरदास थापी धुवायला निघून गेला.

हा ईश्वरदास कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी भांडणातच रमली. ईश्वरदास हा आमच्या गावचा मिस्तरी. घरं बांधायचा, पण त्याचं नाव झालं ते घरासमोरच्या बागांनी. सडक अर्जुनी, देवरी, पार गोंदियापर्यंत लोक त्याला बोलावून न्यायचे. शिक्षण माझ्याएवढंच, चौथी. त्यातली तिसरी दोनदा.

त्याची विद्या त्याच्या मायेच्या वांग्यांतून आली. त्याच्या मायेची परसात वांग्यांची वाडी होती, आणि वाडीच्या मधात काठीवर एक काळं मडकं पालथं घातलेलं, त्यावर चुन्याचे ठिपके. असं मडकं सगळेच घालतात. पण लहानपणी ह्यानं विचारलं, "माय, हे कायले?" माय म्हणाली, "आल्यागेल्याची नजर पहिले मडक्यावर पडते. तिथंच फुटते. वांगे वाचते." आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. ईश्वरदासनं धरून ठेवलं. तो म्हणायचा, "वहिनी, नजर चांगली असो का वाईट, तिले बसाले जागा लागते. जागा नाई देली तर ते भटकते."

पुढं मोठेपणी कोहमाऱ्याच्या चौकात, जिथं रायपूरकडचा मोठा रस्ता आणि गोंदियाचा रस्ता भेटतात, तिथल्या एका ढाबेवाल्यानं त्याला बागेचा कट्टा बांधायला बोलावलं. त्या ढाब्यासमोर काय नव्हतं? गुलाब होते, रंगवलेले टायर होते, हरणं, बगळे, कारंजं, लाल-पिवळ्या माळा. फक्त ट्रक थांबत नव्हते. ईश्वरदासनं उरलेल्या सिमेंट-रेतीच्या मालाचा एक मोठा लोटा केला. हवेत वाकडा टांगलेला, त्यातून पाण्याची जाड धार खाली पडते, आणि लोट्याला धरलेलं काहीच दिसत नाही. धारेच्या पोटातच नळ होता, त्यावरच लोटा उभा होता. मग त्यानं हरणं आणि बगळे सगळे उचलून ढाब्याच्या मागं नेऊन ठेवले. ढाबेवाला रडकुंडीला आला. पण आठ दिवसांत ट्रक थांबायला लागले. ड्रायव्हर उतरायचे, लोट्याच्या वर हात फिरवून पाहायचे की वरून दोरी आहे का. आणि उतरलोच आहोत तर चहा घ्यायचे.

"डोळा थांबला की पाय थांबते, वहिनी. पाय थांबले की भूक लागते."

तेव्हापासून तो त्याला 'डोळ्याचा थांबा' म्हणायला लागला, जसा बसचा थांबा असतो तसा. माझी नात नीतू गोंदियाला शेतीचं शिकते. ती परवा म्हणाली, आजी, ह्याला आमच्या पुस्तकात फोकल पॉइंट म्हणतात, बागेत नजर जिथं जाऊन टेकते ती वस्तू. मी म्हटलं, पुस्तकाला आत्ता समजलं का?

ईश्वरदासची काम करायची रीत होती. कोणाच्या घरी गेला की बाग पाहायचाच नाही. पहिले विचारायचा, "तुमी चहा कुठं पेता?" लोकांना वाटायचं, मिस्तरीला चहा पाहिजे. मग चहा यायचा, तो पिऊन घ्यायचा, आणि मग सांगायचा की मालक जिथं बसून चहा पितो त्या खुर्चीवर मला बसू द्या. खुर्चीवर बसून पाहायचा. तिथून डोळा सरळ जिथं जाईल तिथं एकच वस्तू. त्याच्या पुढं बुटकी झाडं, मागं उंच झाडं, आणि तिथं जायची वाट जराशी वाकडी. मग घरच्या बाईला विचारायचा, "बाई, तुमची खिडकी कोनती?" काम झालं की त्या बाईला खिडकीत उभी करून बागेतून ओरडायचा, "डोळा कुठं थांबला?" बाईनं बरोबर सांगितलं तरच थापी धुवायचा.

दुर्गेश्वरीबाईच्या घरी फाटकातून आत शिरलं की समोरच संडास. घरधनी म्हणाला, वेल चढवून झाकून टाकू. ईश्वरदास म्हणाला, "झाकू नोका. झाकलं की लोक विचारते, आत काय हाय?" त्यानं उजव्या हाताला चाफ्याखाली एक मोठा रांजण आडवा ठेवला, तोंडातून शेवंती सांडल्यासारखी लावली. आता येणारा माणूस रांजणच पाहतो. संडास कोणालाच दिसत नाही. पाहुण्यांना वेळेवर तो सापडत नाही हा भाग वेगळा.

इंद्रकुमार गुरुजींना सगळंच पाहिजे होतं. कारंजं, कमळ, दोन हरणं, दिव्याचा खांब आणि वडिलांचा पुतळा. ईश्वरदासनं विचारलं, "गुरुजी, वर्गात सगळे पोट्टे एकदम बोलले तर तुमाले काई ऐकू येते?"

"नाही."

"मंग डोळ्याचं बी तसंच हाय. एका टायमाले एकच पोट्टा बोलन."

गुरुजींनी वडिलांना ठेवलं, बाकी सगळं सोडलं. ईश्वरदासनं पुतळा केलाही झकास, पण तो का कोण जाणे, गुरुजींच्या वडिलांसारखा न होता सासऱ्यासारखा झाला. गुरुजींची बायको फार खूश. गुरुजी तेव्हापासून चहा मागच्या अंगणात पितात. ते हे विसरले नव्हते, हे लक्षात असू द्या.

तर अशा ह्या माणसानं दहा गावांत सांगून ठेवलं होतं, एक अंगण, एक थांबा. लोक नमुना पाहायला त्याच्या घरी यायचे. आणि त्याच्या घरची बाई म्हणत होती, दुसरा सारस कर.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी जमुनाबाईनं आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं आणि सारसाला नेसवलं. डोक्यावरून पदर घेतला, फक्त चोच बाहेर. म्हणाली, माह्या दारात एकटा सारस दिसाले नाई पाहिजे. ईश्वरदास सकाळी लुगडं काढायचा, जमुनाबाई आंघोळ झाली की पुन्हा नेसवायची. पंधरा दिवस हेच. बायकांना वाटायचं जमुनाबाईकडं उंच पाहुणी आली आहे, लाजरी आहे, कोणाशी बोलत नाही. कोहमाऱ्याकडं जाणारी बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी हळू व्हायची आणि सगळी बस एका बाजूला कलायची. ईश्वरदास मला म्हणाला, "वहिनी, झाकलं की लोक विचारते, हे मीच सांगत होतो ना?" रागात होता, पण मिशीत हसूही होतं. लोकांचा डोळा इतका कधीच कुठं थांबला नव्हता.

पण मग त्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली.

गावाच्या मागच्या बोडीत सारसाची एक जोडी दर वर्षी यायची. खरी. त्यातला एक विजेच्या तारेला लागून मेला. दुसरा बोडीच्या काठावर उभा राहायचा आणि मान वर करून ओरडायचा. त्याची हाक गावातून ऐकू येते, कर्ण्यासारखी. नेहमी एकानं हाक दिली की दुसरा उत्तर देतो. आता हाक यायची आणि मधात कोणी बोलायचं नाही. तीन दिवस जमुनाबाई तिथं धुणं धुवायला गेली. चौथ्या दिवशी आली ती माझ्याजवळ ताटीपाशी उभी राहिली.

"वहिनी, आमच्या गुड्डूचे बाबूजी रोज सायकल घेऊन मोठ्या रोडनं जाते. ट्रकायच्या मधातून. आन् आपन दारात काय उभं करून ठेवलं हाय?"

मी म्हटलं, "अवं, सिमेंट आहे ते."

"हो," ती म्हणाली. भांडली नाही. जमुनाबाई भांडली नाही तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुपारी तिनं गाठोडं बांधलं. गुड्डू, तिचा एकुलता एक, दहावीला होता. त्याला मावशीकडं गोंदियाला पाठवलं. नवऱ्याला दारातून एवढंच म्हणाली, "मी चिचगडले जाऊन राहिली. जोडी लागली का सांगजा."

चिचगड तिचं माहेर. ईश्वरदासला वाटलं दोन दिवसांत येईल. दोन दिवसांनी तोच बसमध्ये बसून चिचगडला गेला. सासुरवाडीत कोंबडी कापली, मोहाच्या फुलांचे गोड मुठे केले, मेहुण्यानं पंखा घातला. सगळे गोड बोलले. जमुनाबाईनं दाराच्या आडून विचारलं, "लागली जोडी?"

"ऐकून तर घे ना..."

"जेवून घ्या. बस सुटन."

आठ दिवसांनी पुन्हा गेला. पुन्हा कोंबडी, पुन्हा तेच. परत येऊन मला म्हणाला, "वहिनी, कोंबडी चांगली करते हो तिची माय. पन घास नाई उतरत."

इकडं त्याचे जेवणाचे हाल. पहिले चार दिवस मी भाजी दिली. पाचव्या दिवशी म्हटलं, "भाऊ, मी भाजी देईन जलमभर. पण तुम्ही दहा गावांतल्या बायकांच्या खिडक्या पाहिल्या. एकदा आपल्या घरचा भात शिजवून पाहा." त्यानं शिजवला. वर कच्चा, खाली कोळसा, मधात लापशी, एका गंजात, म्हणजे पातेल्यात, तीन प्रकार. डोळे पुसत बाहेर आला, धुरानं का कशानं ते मी विचारलं नाही.

"वहिनी, एक विचारू? चुलीपाशी बसलं की समोर काय दिसते, तुमाले माहीत हाय?"

"काय दिसते?"

"भीत. काळी भीत. दुसरं काई नाई. एवढे वरसं ते काय पाहून राहिली होती?"

"भिंतच," मी म्हटलं.

तो तिथंच ओट्यावर बसून राहिला. मग उठला आणि सळाखा शोधायला लागला.

त्याचा बेत मोठा लबाड होता. दुसरा सारस पहिल्याच्या बरोबर मागं उभा करायचा, रेघेत. म्हणजे ओसरीतल्या खुर्चीवरून पाहिलं तर एकच दिसेल, नाव राहील, आणि बायकोही येईल. त्यानं सळाखा वाकवल्या, कोंबडीची जाळी गुंडाळली, माल चढवला. पाय खड्ड्यात रोवले, मान सरळ वर, आणि छातीला बांबूचा टेकू लावला. म्हणाला, उद्यापर्यंत कोणी हात लावू नोका, आणि कामावर गेला तो अंधार पडल्यावरच आला.

आता पुढचं जे आहे ते मी वीस वर्षं कोणाला सांगितलं नाही. ईश्वरदास असेपर्यंत सांगायची सोय नव्हती. दुपारी एक बकरी सुटली. बकरी कोणाची, हे विचारू नका, गावात बकऱ्या पुष्कळ आहेत. ती ताटीच्या फटीतून पलीकडं गेली आणि टेकूच्या बांबूला अंग घासायला लागली. मी "हाड हाड, काळे" म्हणून ओरडले, पण आमची काळी कधी ऐकते का. टेकू पडला. सारस एकदम पडला नाही. हळूहळू, लाजल्यासारखा पुढं वाकत गेला आणि चोच पहिल्या सारसाच्या पायाशी टेकून थांबला. मी काळीला कानाला धरून आणली आणि घरात जाऊन डाळ निवडत बसले. तांदूळ निवडायचे होते, पण हाताला डाळच लागली.

सकाळी पाहिलं तर ईश्वरदास डोक्याला हात लावून उभा. रातभरात मालानं पकड घेतली होती.

"काय झालं भाऊ?" मी ताटीवरून विचारलं.

त्यानं बांबूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग सारसाकडं पाहिलं. डोक्यावरचा हात खाली घेतला.

"काई नाई, वहिनी. वळन देलं."

मग मागं सरकून ओसरीतल्या खुर्चीवर बसला. तिथून पाहिलं. उठला, पुन्हा बसला. मला हाक मारून म्हणाला, "या, बसून पाहा." मी बसले. आणि खरंच सांगते, पहिला सारस उभा होता तेव्हा मला तो पाहून नुसता सारस आठवायचा. आता मागचा वाकलेला, पुढचा उभा, दोघांचं मिळून एकच काहीतरी झालं होतं. डोळा पायाशी जायचा, मानेवरून वर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा. तिथून निघतच नव्हता.

त्याच दिवशी त्यानं सयपाकघराची भिंत फोडली आणि खिडकी बसवली. पक्षी खुर्चीच्या रेघेत एकामागं एक होते, पण खिडकी बाजूला येत होती. तिथून दोघंही वेगवेगळे दिसायचे. मग तो चिचगडला गेला. ह्या वेळेस कोंबडी न खाता आला, पण दोघं आले.

जमुनाबाई अंगणात शिरली, सारसांकडं पाहिलंच नाही. गाठोडं ठेवायला सरळ सयपाकघरात गेली. ईश्वरदास उन्हात सारसांपाशी उभा, टोपी हातात, डोक्यावर केस नाहीत आणि घाम असा की टक्कल चमचम करत होतं. शेवटी खिडकीत तिचं तोंड दिसलं.

"डोळा कुठं थांबला?" ह्यानं ओरडून विचारलं.

जमुनाबाईनं पाहिलं. ह्या सारसाकडं, त्या सारसाकडं.

"तुमच्या टकलावर," ती म्हणाली.

मी ताटीमागं खाली बसले. हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

मग ती बाहेर आली, दोघांच्या भोवती फिरली. "हा वाकला हाय तो कोन?"

"ते... तू."

"मी कायले वाकू? चुलीसमोर वाकली ते कमी हाय का? उभी हाय ते मी. वाकला हाय ते तुमी."

"पन पहिला मी केला तो नर होता ना, जमुना..."

"आता नाई."

तेव्हापासून वाकलेला तो ईश्वरदास. गावातलं कोणीही पोर विचारा, ते बोट दाखवून सांगेल, हे आजी, हे आजोबा.

पण इंद्रकुमार गुरुजी सुटू देतील का? चौथ्या दिवशी आले. फाटकातूनच म्हणाले, "काय गा ईश्वरदास, तुझ्या वर्गात दोन पोट्टे एकदम बोलून राहिले वाटते?"

"बसा ना गुरुजी. त्या खुर्चीत बसा. आता सांगा, थांबे किती दिसते?"

गुरुजींनी चष्मा पुसला. मान ह्या बाजूला केली, त्या बाजूला केली. माणूस इमानदार. "एकच," म्हणाले. मग पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि खिडकीतून ओरडले, "अरे, इथून तर दोन दिसतात!"

ईश्वरदास बसल्या जागेवरून म्हणाला, "ते सयपाकघराचं हाय, गुरुजी. तिथं माहं चालत नाई."

त्या जोडीनं त्याचं नाव आणखी झालं. लोक म्हणायचे, आमच्या बागेत असाच वाकलेला सारस पाहिजे. त्यानं पुष्कळ जागी करून पाहिला. सळाख मोजून वाकवली, मान मोजून झुकवली. पण तसं वळण पुन्हा कधी आलं नाही. लोक विचारायचे, काऊन नाही येत, मिस्तरी? तो म्हणायचा, "त्याले योग लागते." आणि माझ्या ताटीकडं पाहायचा. मला वाटतं त्याला माहीत होतं. पण माणूस असा, की काळी म्हातारी होऊन मेली त्या दिवशी मुद्दाम येऊन म्हणाला, "वहिनी, बकरी गुनाची होती."

सारसांची डोकी लाल. दर वर्षी पावसानं रंग उडायचा, आणि दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ईश्वरदास सायकल काढून कोहमाऱ्याला लाल रंगाची डबी आणायला जायचा. गुड्डू नोकरीला लागला, गाडी घेतली, म्हणाला, बाबूजी, मी आणून देतो. नाही. लाल कोणता ते मीच पाहीन, हा म्हणाला. मग गुड्डूला अंगणात गाडी ठेवायला जागा पाहिजे होती. म्हणाला, सारस जरा बाजूला घेऊ. जमुनाबाई म्हणाली, "गाडी गल्लीत ठेव. तिले जोडीदार नाई, ते एकटी राहू शकते."

गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस असताना ईश्वरदास गेला. सकाळी चहाला उठला नाही, एवढंच. सत्तरी उलटून गेली होती. रस्त्यावर नाही, ट्रकखाली नाही, आपल्या खाटेवर. बायका बसायला आल्या. त्यातली एक जमुनाबाईच्या गळ्यात पडून म्हणाली, "जोडी फुटली वो बाई, जोडी फुटली." जमुनाबाईनं तिला हळूच बाजूला केलं आणि खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "कुठं फुटली? हे पाहा ना." त्या बाईला वाटलं दुःखानं डोकं फिरलं. मला तसं वाटलं नाही.

पण मला सांगायचा आहे तो त्याच्या आदला दिवस.

त्या दिवशी सकाळी त्यानं सायकल काढली. ताटीपाशी थांबला.

"वहिनी, कोहमाऱ्याले जाऊन राहिलो. काई आनाचं हाय?"

"चुन्याची डबी आणा, भाऊ." मी पान खाते. दर वर्षी मी हेच सांगायचे.

"बरं," म्हणाला आणि गेला. दुपारच्या आधी परत आला. हँडलला पिशवी, पिशवीत लाल रंगाची डबी, जुना ब्रश खिशात. चुना आणला नव्हता. दर वर्षी विसरायचा.

"चुना?" मी विचारलं.

"अरेच्चा," म्हणाला. हेही दर वर्षी म्हणायचा.

मग स्टूल आणला. पहिले जी उभी तिचं डोकं रंगवलं, स्टुलावर चढून, जीभ दातात धरून. मग खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि आपलं, वाकलेल्याचं, रंगवलं. नाकाला लाल लागला. ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून पुसला. मागं सरकला आणि खिडकीकडं तोंड करून ओरडला, "डोळा कुठं थांबला वो?"

आत कढईत फोडणी चुरचुरत होती. जमुनाबाईनं वरही पाहिलं नसेल.

"तुमच्या टकलावर."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि डबीचं झाकण दगडानं ठोकून बसवलं.